उलट्या काळजाचा

न्हाव्याने एवढंच म्हटलं होतं की समोरचा चपलांचा दुकानदार उलट्या काळजाचा माणूस आहे, म्हाताऱ्या आईला परवा थोरल्या भावाच्या दारात सोडून आला आणि मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. यात नवं काही नव्हतं. आजूबाजूच्यांची उणीदुणी काढल्याशिवाय या न्हाव्याचा वस्तरा चालत नसे, आणि फोटोवाला गेली अठरा वर्षं दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याच खुर्चीत बसून ती उणीदुणी अर्ध्या कानाने ऐकत आला होता. आज मात्र ते दोन शब्द कानातून खाली उतरले आणि छातीत अडकले. एका गालावर फेस तसाच होता. समोरच्या आरशात न्हावी डाव्या हाताने वस्तरा पुसत होता, मागच्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते, म्हणजे खरे सव्वानऊ, आणि गळ्याला पांढरं कापड बांधलेला एक छप्पन्न वर्षांचा माणूस काळजावर हात ठेवून बसला होता. आरशातल्या माणसाचं म्हणाल तर त्याचा हात उजवीकडे होता. फोटोवाला त्या हाताकडे बघत राहिला. सोमवारी मास्तरांनी असाच हात ठेवला होता, याच बाजूला, आणि हसत हसत हेच शब्द म्हटले होते.

"हलू नका, कापेल," न्हावी म्हणाला.

तो हलला नाही. रुग्णालयात एक्स-रेला सगळे फोटोच म्हणत, म्हणून तो फोटोवाला, आणि नव्या डॉक्टर मंडळींचे फोटोवाले काका. एकतीस वर्षांची नोकरी, आणि एकदा काढलेला फोटो पुन्हा काढावा लागला असं महिनोन्महिने होत नसे. वॉर्डातल्या चष्मेवाल्या डॉक्टरीणबाई तर सगळ्यांसमोर म्हणायच्या की काकांचा फोटो म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तो वरवर नको नको म्हणायचा आणि आतून फुगायचा. घरी जाऊन बायकोला सांगायचा, ती म्हणायची, बरं, आता कांदा चिरून द्या. असे दिवस चांगलेच होते म्हणायचे.

सोमवारी मास्तर आले तेव्हा बारा वाजून गेले होते. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, अंगात ताप, चार शब्द बोलले की धाप. छातीत पाणी झालंय असा डॉक्टरीणबाईंचा संशय होता, ते कुठल्या बाजूला आणि किती, हे फोटोने सांगायचं. मास्तरांना धाप लागत होती तरी तोंड गप्प नव्हतं. वाचनालयात त्यांचं व्याख्यान ठरलं होतं, विषय होता समांतर विश्वं असू शकतात का, आणि ताप आला म्हणून ते बारगळलं होतं. न दिलेलं व्याख्यान पोटात किती दुखतं हे मास्तरलोकांनाच ठाऊक. यंत्रासमोर स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी ते फोटोवाल्याला देऊन टाकलं. "विश्व खरोखर अमर्याद असेल, तर कुठेतरी दुसरे तुम्ही असणारच," ते म्हणाले. "जादू नाही त्यात. पत्त्यांचा जोड पिसत बसा, पानं बावन्नच, कधी ना कधी तीच मांडणी परत लागणार. माणूस म्हणजे तरी काय, कणांची एक मांडणी." हा झाला साधा प्रकार, म्हणाले, दुसरा बेरकी आहे. एखादा कण इकडे की तिकडे हे मोजेपर्यंत गणितात तो दोन्हीकडे असतो. मोजला की आपल्याला एकच उत्तर दिसतं. मग दुसऱ्या उत्तराचं झालं काय? काही शास्त्रज्ञ म्हणतात, पुसलं गेलं. काही म्हणतात, पुसण्याची पायरी मूळ गणितात कुठे आहे ती दाखवा. म्हणजे दुसरं उत्तरही खरं ठरलं, आणि ते पाहणारे तुम्हीसुद्धा खरे, फक्त तुमची फांदी वेगळी. फोटोवाला शिशाचं अक्षर शोधत होता. डावी-उजवी बाजू चुकू नये म्हणून फोटो काढण्याआधी प्लेटवर शिशाचं 'डा' चिकटवायचं, ते फोटोत पांढरं उमटतं, असा या धंद्यातला पहिला धडा. शिकाऊ मुलांना तो या एका गोष्टीवरून घालूनपाडून बोलत असे. आणि त्या दिवशी अक्षर सापडेना. ड्रॉवरमध्ये नाही, टेबलावर नाही. जाऊ दे, संगणकावर टाकू नंतर, हल्ली सगळे तसंच करतात, असं त्याने मनात म्हटलं.

"याला पुरावा काही आहे का?" त्याने विचारलं, विचारायचं म्हणून.

"शून्य," मास्तर म्हणाले. "तिकडून पत्र येत नाही. असू शकतात, एवढंच म्हणायचं, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढायचं. मी फळ्यावर तसंच लिहायचो."

"म्हणजे एखादी गोष्ट मी इथे केली नसेल, तर तिथल्या मी केली असेल?"

"केली असेल की."

"मग बरं आहे."

मास्तर हसले, मग खोकले, बराच वेळ खोकले. "बरं त्याचं," ते म्हणाले. "तुमचं काय त्यात?" आणि मग उभं राहून छाती प्लेटला टेकवताना, उजव्या बाजूला हात ठेवून म्हणाले, "जपून काढा हं फोटो. मी उलट्या काळजाचा माणूस आहे." फोटोवाला मनापासून हसला. मास्तरलोक उलट्या काळजाचेच असतात, त्याचाही गणिताचा मास्तर तसाच होता, छडी मोडेपर्यंत मारायचा. "म्हणजे काय आहे, लहानपणी आमच्या आईला एका डॉक्टरने..." मास्तर सांगू लागले, तेव्हा बाहेर सात जण खोळंबले होते. "आता बोलायचं नाही," फोटोवाला म्हणाला. "हनुवटी वर. श्वास घ्या. धरा." मास्तरांनी श्वास धरला आणि वाक्यही धरलं. "सोडा," म्हटल्यावर त्यांनी फक्त श्वास सोडला. वाक्य तसंच राहून गेलं.

पडद्यावर चित्र उमटलं त्यात काळीज उजवीकडे आणि पाणी डावीकडे होतं. एकतीस वर्षांच्या डोळ्याला त्यात विचार करण्यासारखं काय दिसणार? प्लेट उलटी वाचली गेली, दुसरं काय. आठवड्यातून एखाद्या वेळी होतंच ते. त्याने एक कळ दाबली, चित्र कूस बदलावी तसं फिरलं, काळीज डावीकडे आलं, पाणी उजवीकडे गेलं. मग संगणकातलं तयार 'डा' उचलून जागेवर ठेवलं आणि पुढच्याला हाक मारली. माणसाचं काळीज डावीकडे असतं, ही काय तपासून बघायची गोष्ट आहे? नसतं एखाद्याचं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. शिकताना पुस्तकात पाहिलं होतं, हजारो माणसांत एखादा, सगळंच आरशातल्यासारखं, काळीज उजवीकडे, यकृत डावीकडे, आणि माणूस ठणठणीत जगतो. एकतीस वर्षांत एकही भेटला नव्हता. किंवा भेटला असेल आणि त्याने त्यालाही सरळ केलं असेल, हा विचार आता, फेस वाळत असताना, पहिल्यांदाच आला.

न्हावी दुसऱ्या गालाकडे वळला. उठायला हवं होतं. काल संध्याकाळी निघताना डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या होत्या, दोन पाळ्या सलग केल्यासारख्या दिसत होत्या. तीन दिवस औषध देऊनही मास्तरांची धाप कमी नाही, म्हणाल्या, उद्या अकराला सुई घालून पाणी काढते. सोनोग्राफीचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, फोटोवरूनच जायचं. उजवीकडूनच ना काका? आणि तो जिन्याच्या कठड्याला हात लावून म्हणाला होता, फोटोत आहे तसंच. म्हणजे उजवीकडून, जिथे मास्तरांचं काळीज आहे तिथून. तरी तो उठला नाही. अर्ध्या दाढीने जायचं कसं, असं काहीतरी मनात आलं, आणि ते कारण इतकं लाजिरवाणं होतं की त्याने ते स्वतःपासूनही लपवलं. सव्वानऊच तर झालेत, दहा मिनिटांचा रस्ता, न्हाव्याचं होऊ दे. न्हाव्याने तुरटी फिरवली. तुरटी झोंबली तेव्हा जरा बरं वाटलं.

खरं तर सोमवारपासून तो फार चांगला झोपला होता. बायकोच्या लक्षात आलं होतं, तिने विचारलंही, हल्ली रात्रीच्या फेऱ्या मारत नाही ते. सांगणार काय? बावीस वर्षांपूर्वी, फिल्म धुवायचे दिवस होते तेव्हा, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणारा एक माणूस होता. दिवसभर तांबड्या दिव्यात बसायचा, म्हणून सगळे त्याला अंधारमामा म्हणत. शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा गुडघ्याचा फोटो होता. शिशाचं अक्षर लावायचं राहिलं असलं तर अंधारमामा फिल्म ओली असताना टाचणीने अक्षर कोरायचा, ते नियमात नव्हतं, पण चालायचं. शस्त्रक्रियेत त्या बाईचा धड गुडघा उघडला गेला. अक्षर चुकलं होतं, आणि ते शिशाचं होतं. फोटोवाल्याने स्वतःच्या हाताने 'डा'च्या जागी 'उ' चिकटवलं होतं, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. फिल्म गहाळ झाली, चौकशी बसली, आणि अक्षर तुम्ही लावलं होतं का असं विचारल्यावर तो म्हणाला, आठवत नाही. खोटं एवढंच, दोन शब्दांचं. उरलेलं काम इतरांनी केलं, अक्षर टाचणीनेच कोरलं असणार असं ठरवलं. अंधारमामाची नोकरी गेली. पुढे एकदा तो बसथांब्यापाशी छत्र्या दुरुस्त करत बसलेला दिसला, उन्हाला डोळे बारीक करून. फोटोवाल्याला बघून हसला. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. तर बावीस वर्षं हा असा हसत होता आणि सोमवारी मास्तर येऊन म्हणाले की दुसरं उत्तरही खरं झालं असेल. तिथल्या फोटोवाल्याने सांगून टाकलं असेल, अक्षर माझंच. तिथला अंधारमामा अजून तांबड्या दिव्यात बसला असेल, चहा मागवत असेल. हा विचार फोटोवाल्याने उशीखाली ठेवावा तसा तीन रात्री जवळ ठेवला होता. अपराध अर्धा झाल्यासारखं वाटलं होतं. तुमचं काय त्यात, हे मास्तरांचं पुढचं वाक्य त्याने सोयीने खोकल्याबरोबर सोडून दिलं होतं.

रस्त्यावर आल्यावर त्याने वॉर्डाचा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, तेव्हा व्यस्त. डॉक्टरीणबाईंचा नंबर होता त्याच्याकडे, पण तो लावायचा म्हणजे वाक्य तयार हवं. मॅडम, मी फोटो उलटा केला. इतकं साधं वाक्य, शाळेतलं पोरसुद्धा म्हणेल. त्याने ते मनात तीनदा म्हणून पाहिलं आणि तिन्ही वेळा 'मी'पाशी अडखळला. ती स्वतः बघेलच की, त्याने मनाची समजूत काढली. ठोकून बघेल, कान लावेल. एवढी शिकलेली बाई, काळीज कुठे धडधडतंय हे तिला कळणार नाही? आणि लगेच दुसरं मन म्हणालं, कळलं तरी ती स्वतःच्या कानावर विश्वास ठेवणार नाही. काकांचा फोटो समोर असताना कोण कानावर विश्वास ठेवेल? तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको होती.

"अहो, येताना न्हाणीघराचा दिवा आणा. गेलाय तो."

"आणतो." तो फुटपाथच्या कडेला थांबला. "अगं, मी चुकतो का गं कधी?"

"चुकता की. कबूल कुठे करता?" ती हसत होती. "का हो, काय झालं?"

"काही नाही."

"पांढरा आणा, पिवळा नको," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तो चालू लागला, आणि मग ती विचित्र गोष्ट सुरू झाली. आपल्या पुढे आपणच चाललोय असं त्याला वाटू लागलं. दिसत नव्हतं कोणी, भ्रम वगैरे नव्हता, तो काही वेडा नव्हता. पण तो अर्ध्या दाढीने खुर्चीतून उठलेला, गळ्याचं कापड तसंच घेऊन धावत सुटलेला दुसरा कोणीतरी आता चौकाच्या पलीकडे गेला असणार, हे त्याला अगदी स्पष्ट कळत होतं. तो जिना चढत असेल. तो पोचला असेल. त्याने दार ढकललं असेल, म्हटलं असेल, मॅडम, थांबा. मास्तर तिथे वाचले असतील, अंगात ताप असूनही व्याख्यान झोडत असतील. आणि जसजसा तो पुढचा माणूस पुढे गेला तसतशी या मागच्याची पावलं जड झाली. कुणीतरी एक पोचलाय ना, मग झालं. सिग्नल हिरवा झाला आणि परत लाल झाला, तरी तो तिथेच उभा होता. एका बाईने धक्का दिला, म्हणाली, जायचं तर जा, नाहीतर बाजूला व्हा. तो बाजूला झाला. दिव्याच्या दुकानात शिरला आणि पांढरा दिवा घेतला. दुकानदाराने तो लावून दाखवला, तेव्हा त्या उजेडात स्वतःचे हात बघून त्याला स्वतःची भीती वाटली. आपण दिवा घेतोय. तिकडे एका माणसाच्या बरगड्यांवर पेनाने खूण केली असेल आणि आपण दिवा घेतोय. तिथून मात्र तो खरोखर धावला, छप्पन्नाव्या वर्षी जमेल तितका, बगलेत दिव्याचं खोकं दाबून.

रुग्णालयाच्या दारात शिरला तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटं हातात होती. समोर जिना, वर उजवीकडे वॉर्ड. डावीकडे बोळ, बोळाच्या टोकाला त्याची खोली. त्याचे पाय डावीकडे वळले. एकच मिनिट, आधी फोटो सरळ करू, मग वर जाऊ, त्याने स्वतःला सांगितलं. चुकीचा फोटो तसाच ठेवून वर जाण्यात काय अर्थ? कोणी मधेच उघडला तर? हे ऐकायला इतकं शहाणपणाचं होतं की त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. बदलीवर आलेली मुलगी चहाला गेली होती, खोली रिकामी होती. यंत्राचा पंखा नेहमीसारखा घुरघुरत होता. त्याने मास्तरांचा फोटो उघडला, तीच कळ दाबली, चित्र परत कुशीवर वळलं. 'डा' उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं. सोमवारची तारीख, सोमवारची वेळ, सगळं तसंच राहिलं. हा जुना संगणक आधीचं काही ठेवत नाही, शेवटचं जे असेल तेच पहिल्यापासूनचं. मास्तरांचं काळीज आता उजवीकडे होतं, जिथे ते सत्तर-बहात्तर वर्षं होतं तिथे, आणि डावीकडे पाण्याची पांढरी रेघ. स्वच्छ फोटो होता. त्याच्या नेहमीच्या कामासारखा एकदम नीट.

आता वर जायचं. त्याने सोमवारपासून खुंटीवरच राहिलेला पांढरा कोट अंगात घातला, सवयीने खिशात हात घातला, आणि बोटांना काहीतरी लहान, जड लागलं. शिशाचं 'डा'. चार दिवस खिशातच होतं. तो खुर्चीत बसला. वर जाऊन सांगायचं काय? फोटो उलटा होता म्हणावं तर तो आता उलटा नव्हता. सरळ आहे म्हणावं, तर काल काय होतं ते सांगावं लागणार. नुसतं म्हणता येईल, मॅडम, सुईआधी फोटो एकदा पुन्हा बघून घ्या. बस, एवढंच. यात चूक कुणाचीच नाही, मास्तर वाचतील, आणि तोही. कसं सुचलं नाही आधी? त्याला हायसं वाटलं, छाती मोकळी झाली, आणि तेव्हा कळलं की कळ दाबल्यापासून आपण श्वास धरून ठेवला होता. त्याने टेबलावरचा फोन उचलून वॉर्डाचा आकडा फिरवला. कोणी उचलेना. घड्याळात दहा पस्तीस. त्याने फोन खाली ठेवला, वाक्य पुन्हा एकदा मनात घोळवलं, त्यात 'सहज' हा शब्द घालावा की नको याचा विचार केला. सहज एकदा बघून घ्या. सहज म्हटलं तर संशय येईल का? बोळात पावलं वाजली. कुणीतरी पळत येत होतं.

चष्मेवाल्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. हातमोजा एकाच हातात होता आणि त्याची बोटं लाल होती. "काका, मास्तरांचा फोटो उघडा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "अकराला मला वर मीटिंगला बोलावलं, म्हणून दहालाच घेतलं. पाणी आलं नाही. रक्त आलं. खूप आलं. शस्त्रक्रियेला वर नेलंय त्यांना, नाडी लागत नाहीये नीट." त्याला उघडावं लागलं नाही, फोटो पडद्यावरच होता. त्या जवळ आल्या, वाकल्या, चष्मा वर सरकवला. काळीज उजवीकडे. पाणी डावीकडे. 'डा' जिथल्या तिथे. यंत्राचा पंखा घुरघुरत राहिला. बोलायचं ते आत्ताच होतं, हे त्याला कळत होतं. मी, एवढा एक शब्द काढला की पुढचं वाक्य आपोआप आलं असतं. त्याने मुठीत शिशाचं अक्षर घट्ट धरलं होतं आणि त्या पुढच्या माणसाची वाट बघत होता, जो आधी पोचला होता, ज्याने सगळं सांगितलं होतं. तो काही आला नाही.

"हे असं नव्हतं," त्या म्हणाल्या. "काल मी बघितला तेव्हा काळीज डावीकडे होतं. काका, तुम्हीच म्हणालात ना जिन्यात, फोटोत आहे तसंच."

"तसंच म्हणालो," तो म्हणाला. "फोटो पहिल्यापासून असाच आहे, मॅडम."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. रागावल्या नव्हत्या, संशयसुद्धा नव्हता त्या बघण्यात. रस्ता चुकलेलं माणूस अनोळखी घरांच्या पाट्या वाचतं तशा त्या बघत होत्या.

"मग काल मी कुठे होते?" त्यांनी विचारलं.

फोटोवाला उठला. त्याने आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली, टेबलावरचं दिव्याचं खोकं बाजूला केलं आणि पेल्यावरची ताटली काढली.

"दमलाय तुम्ही," तो म्हणाला. "बसा जरा. पाणी देतो."